ऑनलाइन पेपर मध्येच अडकतो : ‘नेट गेलं’ म्हणण्याआधी काय काय बघायचं

आधी लक्षणं.

– पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी ‘माहिती चुकीची आहे’ असं येतं.
– पेपर उघडतो, पण ‘पुढे’ किंवा ‘सबमिट’चं बटण दिसत नाही; दिसलं तर दाबलं जात नाही.
– चाक फिरत राहतं आणि शेवटी पान पांढरं पडतं.
– मध्येच बाहेर फेकलं जातं, परत आत गेलं की सोडवलेले प्रश्न कोरे.
– ‘कॅमेरा सापडला नाही.’
– ‘तुम्ही स्क्रीन सोडली’ असा इशारा, पोरगं जागचं हललेलं नसताना.
– मराठी प्रश्नाच्या जागी चौकोन, नाहीतर अगम्य इंग्रजी अक्षरं.

यातलं काहीही झालं तरी आमच्याकडे येणारी तक्रार एकच असते : ‘सर, नेटच गयं.’ मी खानदेशातल्या एका कॉलेजात संगणक लॅबचा सहायक आहे. अंतर्गत परीक्षा, एटीकेटीवाल्यांचे पेपर, सीईटीची सराव परीक्षा, ‘स्वयम’ या सरकारी संकेतस्थळावरचे कोर्स, सगळ्यांची वारी शेवटी लॅबच्या दारात. नेट खरंच जातं, नाही असं नाही. पण पोरं सांगतात तितक्या वेळा जात नाही. बहुतेक वेळा घोळ पडद्यावर, कीबोर्डवर नाहीतर फोनच्या सेटिंगमध्ये असतो. आणि यात पोरांचा दोष फार नाही. या सिस्टीम बनवणाऱ्यांनी दहा वेगळ्या बिघाडांना एकच संदेश ठेवलाय, ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’. त्यातून माणसाने काय समजायचं?

म्हणून फुकटातल्या आणि सोप्या गोष्टी आधी सांगतो, खर्चाच्या आणि अवघड नंतर. शक्यतो हे सगळं पेपरच्या आदल्या दिवशी करा. पेपर चालू असताना काय करायचं आणि काय नाही, ते शेवटी आहे.

लॉगिन होत नाही

आकडे कोणत्या लिपीत उमटताहेत ते बघा. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असेल तर पीआरएन टाकताना आकडे देवनागरीत येऊ शकतात. आपल्याला पाच म्हणजे पाच. संगणकाच्या लेखी देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी अक्षरं आहेत. काही सिस्टीम समजून घेतात, बऱ्याच घेत नाहीत, आणि ‘आकडे इंग्रजीत टाका’ एवढं सांगण्याची तसदीही घेत नाहीत.

धडगावकडची एक मुलगी सराव परीक्षेच्या दिवशी आली. ‘सर, कालपासून चुकीचाच दाखवतंय. पासवर्ड बदलून घेतला, तरी तेच.’ मी म्हटलं, ‘बेटा, माझ्यासमोर टाक.’ पीआरएन तिने इंग्रजीत टाकला, कारण तो कॉपी केलेला होता. पासवर्ड म्हणजे जन्मतारीख, तो हाताने टाकला. तिथे नुसते ठिपके. बाजूचं डोळ्याचं चिन्ह दाबायला लावलं, तर सगळी जन्मतारीख मराठीत! कीबोर्डवरचं पृथ्वीच्या गोळ्याचं बटण दाबून भाषा बदलली आणि लगेच आत गेली. पासवर्डचे ठिपके असेच फसवतात, म्हणून डोळ्याचं चिन्ह असेल तिथे ते दाबून खात्री करायचीच.

याच जागी आणखी चार गोष्टी बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पासवर्ड कॉपी करताना शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते. कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला तरी मागे स्पेस पडते. पहिलं अक्षर फोन आपणहून मोठं करतो. आणि जन्मतारखेत आधी दिवस की आधी वर्ष, मध्ये रेघ आहे की नाही, हे सूचनेत लिहिलेलं असतं, ते वाचा.

दोनदा चुकलं की थांबा. अनेक ठिकाणी तीन किंवा पाच चुकांनंतर खातं काही वेळ बंद होतं, आणि मग बरोबर पासवर्डही चालत नाही.

बटण दिसत नाही, पान विचित्र दिसतं

क्रोमने पानाचं भाषांतर तर केलं नाही ना, ते बघा. कधीतरी ‘नेहमी मराठीत दाखवा’ला हो म्हटलेलं असतं, ते विसरून गेलेलं असतं, आणि पेपर उघडताच क्रोम प्रश्न-पर्याय सगळं आपल्या बुद्धीने मराठीत करून टाकतो. अर्थाचा बट्ट्याबोळ होतोच. त्याहून वाईट म्हणजे पानाच्या आतला मजकूर बाहेरून बदलल्यामुळे परीक्षेचा प्रोग्राम गोंधळतो, बटणं मरतात किंवा पान पांढरं पडतं. भाषांतर बंद करून मूळ भाषेत आणा. पेपर मराठीत हवा असेल तर तो सिस्टीमच्या आतल्या भाषेच्या पर्यायातून घ्या.

लॅबमध्ये जुने चौकोनी मॉनिटर असतात आणि कोणीतरी पान मोठं करून ठेवलेलं असतं. मग ‘सबमिट’ पडद्याच्या खाली जातं. कंट्रोल धरून शून्य दाबा, आकार मूळ होतो. फोनवर ‘डेस्कटॉप साइट’ची खूण असेल तर काढून बघा, नसेल तर लावून बघा.

ब्राउझर जुना असेल तर अद्ययावत करा. इथे एक अडचण आहे. विंडोज ७ वर क्रोम २०२३ च्या सुरुवातीपासून पुढे सरकत नाही. १०९ ही शेवटची आवृत्ती. ग्रामीण कॉलेजांत, सायबर कॅफेत अजून विंडोज ७ वाली मशीन चालतात. त्यावर नवी परीक्षा-प्रणाली अर्धवट चालली तर नेटला दोष देऊ नका. दुसरं मशीन घ्या.

उत्तरं जातात

हा भाग नीट वाचा, कारण इथे सगळ्यात जास्त गुण वाया जातात आणि बिघाड मुळी नसतोच.

राष्ट्रीय पातळीवरच्या संगणकीय परीक्षांत उजव्या बाजूला प्रश्नांच्या नंबरांची पाटी असते. तुम्ही पर्याय निवडला आणि ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ न दाबता थेट पाटीवरच्या दुसऱ्या नंबरवर टिचकी मारली, तर निवडलेला पर्याय जतन होत नाही. सूचनांच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण ते पान कोण वाचतं? सगळे खाली जाऊन ‘मी वाचलं’वर खूण करतात. पर्याय गोल भरलेला दिसला की उत्तर नोंदलं असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. कागदी ओएमआर शीटवर गोल भरला की काम झालेलं असायचं. इथे गोल भरणं आणि उत्तर जमा होणं ही दोन कामं आहेत.

पाटीचे रंग ओळखा. या परीक्षांत हिरवा म्हणजे उत्तर जमा, लाल म्हणजे प्रश्न पाहिला पण उत्तर नाही, जांभळा म्हणजे पुन्हा बघायला ठेवला. उत्तर देऊन पुन्हा बघायला ठेवलेला प्रश्न एनटीएच्या (राष्ट्रीय परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) परीक्षांत तपासला जातो. दुसरीकडे तसंच असेल असं धरू नका, त्या परीक्षेच्या सूचनेत बघा. दर दहा प्रश्नांनी पाटीकडे एक नजर टाकली तर लाल राहिलेला प्रश्न लगेच सापडतो.

कॉलेजच्या चाचण्या वेगळ्या चालतात. गुगल फॉर्मवर शेवटी सबमिट करेपर्यंत काहीच जमा झालेलं नसतं. गुगल खात्यात लॉगिन असाल तर अर्धवट उत्तरं मसुदा म्हणून ३० दिवस राहतात, पण फॉर्म बनवणाऱ्या सरांनी ती सोय बंद केलेली असू शकते. मूडलवर (कॉलेजं वापरतात त्या ऑनलाइन अभ्यास-चाचणीच्या प्रणालीवर) चाचणी असेल तर ते साधारण मिनिटा-मिनिटाला आपणहून जतन करतं, म्हणून नेट तुटलं तरी शेवटचं एखादं उत्तर जातं, सगळा पेपर नाही.

माझं स्पष्ट मत आहे की पडद्यावर एका कोपऱ्यात ‘शेवटचं जतन १०.४२ ला’ एवढी ओळ दिसली तर निम्मी रडारड संपेल. पण ते आपल्या हातात नाही.

फोनवर पेपर देताना बाहेर फेकलं जातं

आता येतो खानदेशातल्या बहुतेक घरांचा प्रश्न. लॅपटॉप नाही, फोन एकच, त्यात दोन सिम. एक घराच्या कामाचं, एक नेटचं. पेपर एका सिमच्या डेटावर चालू असतो आणि दुसऱ्या सिमवर मामाचा फोन येतो. बऱ्याच फोनांत दुसऱ्या सिमवर बोलणं सुरू झालं की पहिल्या सिमचा डेटा थांबतो, कारण दोन्ही सिमना मिळून रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, एकच असतो. शिवाय कॉलची खिडकी समोर आली की सिस्टीम समजते, पोराने स्क्रीन सोडली. ‘डू नॉट डिस्टर्ब’ने घंटी गप्प होते, डेटा अडकायचा तो अडकतोच. म्हणून दुसरं सिम सेटिंगमधून बंद करा. घरात वाय-फाय असेल तर विमान मोड लावून वाय-फाय तेवढं चालू करा, मग मोबाइल कॉल मध्ये येणार नाही; फोनमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू असेल तर तेवढं बंद करा, नाहीतर कॉल त्यावरून येतो. व्हॉट्सअ‍ॅप कॉल येऊ शकतो. त्याच्या सूचना पेपरपुरत्या बंद ठेवा. आणि मामाला आदल्या दिवशी सांगून ठेवा.

डेटा पॅक बघा. रोज दीड किंवा दोन जीबीचा कोटा संपला की नेट बंद पडत नाही, ६४ केबीपीएसवर येतं. म्हणजे सेकंदाला फार तर ८ केबी. एक एमबीचं पान उघडायला दोन मिनिटांहून जास्त. वर रेघा पूर्ण दिसतात, फोर-जी लिहिलेलं दिसतं, आणि पोरगं म्हणतं, ‘टॉवर फुल्ल शे, तरी चालत नही.’ टॉवरचा यात काही संबंध नाही. रात्री क्रिकेट बघून झालं असेल तर कोटा बहुधा रात्री बारानंतर पुन्हा मिळतो, पण सकाळी भावाने रील बघितल्या असतील तर दुपारचा पेपर गेला. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक दिसते. कमी असेल तर एक छोटा डेटा टॉप-अप मारा. वीस-तीस रुपयांत प्रश्न सुटतो.

बॅटरी सेव्हर काढा. तो मागचे प्रोग्राम मारतो, कॅमेऱ्याने नजर ठेवणारी परीक्षा असेल तर तीही मारतो. ‘वाय-फाय कमजोर झालं की मोबाइल डेटावर जा’ ही सोय पेपरपुरती बंद करा. नेट बदललं की फोनचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो, आणि काही सिस्टीम नवा पत्ता दिसला की नवा माणूस समजून बाहेर काढतात. वडिलांच्या फोनवरचा हॉटस्पॉट घेतला असेल तर तो फोन पेपर संपेपर्यंत घरातच राहिला पाहिजे, शेतावर जाता कामा नये. हे सांगावं लागतं, हसू नका.

कॅमेरा

पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर टिचकी मारून कॅमेऱ्याची परवानगी बघा. कधीतरी घाईत ‘ब्लॉक’ दाबलेलं असतं आणि ब्राउझर पुन्हा विचारत नाही. परवानगी असेल तर झूम किंवा मीट मागे उघडं आहे का बघा. बहुतेक संगणकांवर कॅमेरा एका वेळी एकालाच मिळतो. काही लॅपटॉपला कॅमेऱ्यावर सरकतं झाकण असतं, तेही बघून घ्या.

‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं

घड्याळ बघा, उजव्या कोपऱ्यातलं. सुरक्षित संकेतस्थळाचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतं वैध असतं. संगणकाची तारीख दहा-बारा वर्षं मागे गेली की ब्राउझरला ते खोटं वाटतं आणि तो दार उघडत नाही. सुट्टीनंतर लॅब उघडली की जुन्या मशीनवर हे हमखास होतं. तारीख-वेळ नीट करा, ‘आपोआप’वर ठेवा. मशीन बंद करून चालू केल्यावर परत जुनीच तारीख आली, तर मदरबोर्डवरचा बटणासारखा गोल सेल संपलाय. त्याचा नंबर सीआर २०३२. घड्याळवाल्याकडे मिळतो, पन्नासेक रुपयांत. बदलायला मशीन उघडावं लागतं. आधी उघडलं नसेल तर जाणत्याकडून करून घ्या आणि पेपरच्या दिवशी मुळीच उघडू नका.

मराठी अक्षरं फुटतात

नुसते चौकोन दिसत असतील तर त्या मशीनवर देवनागरी फॉन्ट नाही किंवा ब्राउझर फार जुना आहे. दुसऱ्या मशीनवर नीट दिसेल. पण इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल तर तुम्ही काहीही केलं तरी ती नीट होणार नाही. प्रश्न युनिकोडऐवजी (म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांऐवजी) जुन्या टायपिंगच्या फॉन्टमध्ये लिहून तसाच चढवलाय. ती चूक प्रश्न चढवणाऱ्याची. प्रश्नाचा क्रमांक पर्यवेक्षकांना सांगा, पुढचा सोडवा.

उन्हाळा आणि लाइट

उन्हाळी परीक्षा एप्रिल-मेमध्ये येतात. भुसावळ-जळगावकडे तेव्हा पारा ४५च्या आसपास असतो, आणि कित्येक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात. पत्र्याच्या खोलीत, चार्जरला लावून, कॅमेरा चालू ठेवून दोन तास पेपर म्हटल्यावर फोन तापणारच. तापला की आधी उजेड कमी करतो, मग मंदावतो, मग कॅमेरा बंद. कव्हर काढा, पेपरआधी पूर्ण चार्ज करून चार्जर काढून टाका, पंख्याखाली बसा. थंड व्हावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं.

लाइट गेली की फोन चालू राहतो, राउटर बंद पडतो. राउटरपुरता छोटा यूपीएस हजार-दीड हजारात येतो. घरात दोन पोरं शिकत असतील तर घ्यावा. लाइट बराच वेळ गेली तर गावच्या टॉवरची बॅटरीही उतरते आणि मोबाइल नेटही जातं. अक्कलकुवा, धडगाव, तोरणमाळच्या पाड्यांवर राहणाऱ्यांना मी एकच सांगतो : पेपर महत्त्वाचा असेल तर आदल्या दिवशी तालुक्याला या, कॉलेजच्या लॅबमध्ये जागा मागा. टेकडीवर जाऊन एका रेघेवर पेपर देता येतो, पण ती रेघ दोन तास टिकेल याची हमी कोणीच देणार नाही.

आता नेट

इथवर काही सापडलं नाही तर नेटकडे या. संगणकावर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) पिंग चालवा, म्हणजे पलीकडून उत्तर येतं का ते बघणारा आदेश, इंग्रजी अक्षरांत. आधी राउटरच्या पत्त्याला, मग ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गुगलचा सर्व्हर). राउटरकडूनच उत्तर येत नसेल तर बिघाड तुमच्या खोलीत आहे : वायर सैल, वाय-फाय लांब, जाड भिंत. राउटर उत्तर देतो पण बाहेरून येत नाही, तर बिघाड कंपनीच्या लाइनीत. राउटर एकदा बंद-चालू करून बघा, नाहीतर त्यांना फोन. दोन्हीकडून नीट उत्तर येतंय आणि परीक्षेचंच पान उघडत नाही, तर नेट ठीक आहे, अडचण पलीकडे आहे. दोन मिनिटांचं हे काम केलं की कोणाला फोन करायचा ते कळतं.

लॅबमध्ये एकाच वेळी सगळी बॅच लॉगिन करते तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच नेटचा जीव जातो, कारण पानाच्या फाइली तेव्हाच उतरतात. पेपर एकदा उघडला की पुढे भार हलका. म्हणून रांगेरांगेने लॉगिन करवा, पंधरा मिनिटं आधी. एखाद्या मशीनचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. वायर तपासा, वायर ठीक असेल तर राउटरकडचे पत्ते संपलेत किंवा स्विच (लॅबच्या सगळ्या वायरी जोडणारा डबा) गेलाय. हे नेटवर्कवाल्याचं काम, पोरांनी हात घालायचा नाही.

इथे थांबा

पडद्यावर ५०२, ५०३ किंवा ५०४ असा आकडा आला आणि शेजारच्यालाही तोच आला, तर सर्व्हरकडचं दुखणं आहे. तुमच्याकडे करण्यासारखं काही नाही. सगळ्यांनी रिफ्रेशचा सपाटा लावला की सर्व्हर आणखी बसतो. मिनिटभर हात बाजूला ठेवा.

पेपर चालू असताना एकट्याने जास्तीत जास्त पाच मिनिटं प्रयत्न करा. घड्याळ बहुतेक वेळा सर्व्हरवर चालतं, तुमच्यासाठी थांबत नाही. मग पर्यवेक्षक किंवा हेल्पलाइन. तुटलेलं सत्र पुन्हा उघडणं, वेळ वाढवणं हे फक्त परीक्षा विभागाच्या हातात असतं. लॅबवाल्याकडे ती किल्ली नसते. न सांगता दुसऱ्या मशीनवर किंवा मित्राच्या फोनवर लॉगिन करू नका. एकाच नावाचे दोन जण दिसले की काही सिस्टीम दोन्हीकडून काढतात, आणि गैरप्रकाराची नोंद झाली तर ती निस्तरायला महिने जातात.

‘अ‍ॅप टाका, मी इथून तुमची स्क्रीन नीट करतो’ म्हणणारा फोन आला तर बंद करा. तसलं अ‍ॅप चालू दिसलं तरी परीक्षा रद्द होऊ शकते, आणि बँक खात्याचा धोका वेगळाच.

मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग गेलंय : बाजूला व्हा, वायरमनला बोलवा, त्या मशीनवर पेपर नाही. फोनची पाठ फुगली असेल तर त्यावर पेपर द्यायचा नाही, तो चार्जही करायचा नाही, दुरुस्तीवाल्याकडे न्या.

तक्रार द्यायची असेल तर त्याच दिवशी लेखी द्या, कॉलेजच्या परीक्षा विभागाकडे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या संलग्न कॉलेजांतून ती पुढे विद्यापीठाकडे जाते. अर्जात ‘नेट गेलं’ एवढंच लिहू नका. पीआरएन, आसन क्रमांक, विषय, मशीनचा नंबर, अडकला तेव्हाची वेळ, पडद्यावरची ओळ जशीच्या तशी, कितव्या प्रश्नावर होता आणि पर्यवेक्षकांना किती वाजता सांगितलं, हे लिहा. खाली पर्यवेक्षकांची सही घ्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.